तिखट मालवणी जेवणाबरोबर नाशिकची वाइन : काय मागवावं, काय टाळावं?

प्रश्न : आम्ही नवराबायको ठाण्याला राहतो. बाहेर जेवायची दोघांनाही हौस. नाशिकच्या एकदोन वायनरी पाहून आल्यापासून वाइनची गोडी लागली, पण ज्ञान बेताचंच. हॉटेलात यादी हातात आली की गोंधळ उडतो. वेटर बहुतेक वेळा महागातली रेड सुचवतो आणि तिखट जेवणाबरोबर ती कडू लागते. मित्र म्हणतात, देशी वाइनच्या नादी लागूच नका. मेमध्ये आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. मालवणी हॉटेलात आठ जणांचं जेवण आहे, पिणारे चौघं, त्यात बाबा फक्त व्हिस्कीवाले. काय मागवावं?

उत्तर : वेटर रेडच का सुचवतो ते आधी सांगतो, म्हणजे निम्मा गोंधळ मिटेल. नाशिकच्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये आणि पुढे मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत वाइन विकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ही बाजू आतून ठाऊक आहे. वाइन म्हणजे लाल, हे आपल्याकडच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. लाल मागणारे जास्त, तिची किंमत वरची, आणि उघडी बाटली दोन दिवस तशीच राहिली तरी फारसं कुणी बोलत नाही. वेटरला शिकवलेलं असतं ते एवढंच, की ‘फुल बॉडी आहे सर’ म्हणायचं आणि यादीतल्या वरच्या भावावर बोट ठेवायचं. त्या पोरावर रागावू नका. त्यातल्या बऱ्याच जणांना ती वाइन घोटभर चाखायलाही मिळालेली नसते.

आता कडूपणाचं. लाल वाइन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात. सालीतला आणि बियांतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, तिच्यात उतरतो. कडक कोऱ्या चहाने जीभ जशी कोरडी पडते तसाच हा प्रकार. तिखटाने जीभ आधीच पोळलेली असते, त्यावर हा तुरटपणा आणि तेरा-चौदा टक्के अल्कोहोल आलं की आग आणखी वाढते, फळाची चव मागे पडते आणि उरतो तो कडवटपणा. त्यात मासे असतील तर आणखी एक भानगड : बांगडा, सुरमईसारखा तेलकट मासा आणि लाल वाइन एकत्र आले की तोंडात लोखंडी चव येते. घरी करून बघा. शिराझ या लाल वाइनचा एक घोट नुसता घ्या, मग बांगड्याच्या तिखल्याचा घास, मग पुन्हा घोट. दुसरा घोट त्याच बाटलीतला आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला : आपल्या जेवणाबरोबर यादीचं पांढऱ्या वाइनचं पान आधी उघडा. तिखटाला उतारा तीन गोष्टींचा असतो. किंचित गोडवा, चांगला आंबटपणा आणि गारवा. या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या शेनिन ब्लाँमध्ये एका जागी सापडतात. नाशिक भागात हे द्राक्ष मनापासून रमलंय. तिथली शेनिन बहुतेक ठिकाणी अगदी कोरडी करत नाहीत, थोडी साखर राखतात. सुला वायनरीची शेनिन तशीच आहे. वाइनचे जाणकार म्हणवणारे तिला नाकं मुरडतात, ‘गोड आहे’ म्हणून. मुरडू द्या. कुर्ल्यांच्या कालवणाबरोबर त्यांच्या आवडीची कोरडी लाल कॅबर्ने एक घोट घेऊन दाखवा म्हणावं.

सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी. ही कोरडी, जास्त आंबट, वासाला तिखट हिरवी. पुस्तकात तिच्या वासाला गूजबेरी वगैरे म्हणतात, ते आपण खाल्लेलं नसतं. तुम्ही ग्लास हलवून नाकाशी न्या आणि अर्धकच्चा पेरू, ढोबळी मिरची, नुकतं कापलेलं गवत यांतलं काय सापडतं ते बघा. तिसऱ्या (शिंपल्या), कोळंबी, रवा लावून तळलेली सुरमई, वर लिंबू पिळलेलं काहीही असेल तिथे ही चोख बसते. लिंबाची एक गंमत लक्षात ठेवा : ताटात आंबट आलं की वाइनचा आंबटपणा जिभेला कमी भासतो. त्यामुळे आधीच मऊ असलेली वाइन लिंबू-कोकमासमोर अगदी पाणचट लागते, आणि जी नुसती पिताना जरा जास्तच आंबट वाटली होती ती एकदम जमून येते. गुळाचं उलटं. आमटीत गूळ असेल, अळूवडीत चिंच-गूळ असेल तर कोरडी वाइन आंबटढाण लागते. तिथे पुन्हा शेनिनकडेच या.

फेसाळणारी वाइन आपल्याकडे फक्त वाढदिवसाला उडवण्यासाठी वापरतात, आणि यासारखा अपव्यय नाही. तळणीबरोबर तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. बोंबील फ्राय घ्या. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा मऊ, तोंडात तेलाचा थर. त्यावर गार ब्रूटचा, म्हणजे कोरड्या फेसाळणाऱ्या वाइनचा, एक घोट आला की बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तो थर धुऊन काढतात आणि पुढचा बोंबील पहिल्यासारखा लागतो. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, लोणी लावलेलं थालीपीठ यांनाही हाच न्याय. दिंडोरीला शांडोनने २०१३ मध्ये आपली ब्रूट बाजारात आणली, सुलाचीही आहे, अकलूजच्या फ्रातेल्लीचीही. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली घ्या, तिचे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ असतात. या प्रकाराला आपल्याकडे परंपराही आहे म्हणा : १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला शॅम्पेनच्या पद्धतीने वाइन करून ती परदेशात पाठवली होती. पुढे त्यांची कंपनी बुडाली, पण या मातीत हे होऊ शकतं हे तिने दाखवलं.

रेड अगदी सोडूनच द्यायची का? तसं नाही. पण ती कशाबरोबर, हे नीट बघा. काळ्या मसाल्यातलं सुकं मटण, तिखट बेताचं असेल तर, शिराझबरोबर छान जातं. शिराझमध्येच मिरीचा आणि पिकल्या जांभळाचा वास असतो, तो लवंग-दगडफुलाशी जुळतो. दाण्याचा कूट घातलेल्या भरल्या वांग्याला संजोवेजे बरी. ती हलकी, आंबटसर, फारशी तुरट नाही. निफाडकडच्या रेव्हेलोने आणि अकलूजच्या फ्रातेल्लीने ही इटालियन द्राक्षं आपल्याकडे रुजवली आहेत. पांढऱ्या रश्श्याबरोबर मात्र रेड नको. त्याच्या नारळ-काजूच्या सायीला व्हिओनिये किंवा जराशी ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने, अशी पांढरी घ्या. आणि तांबडा रस्सा, सावजी, झणझणीत शेवभाजी, ठेचा यांच्यासमोर कुठलीच वाइन उभी राहत नाही. बिअर घ्या नाहीतर ताक. प्रत्येक पदार्थाला वाइन शोधलीच पाहिजे असा काही नियम नाही. सोलकढीचंही तेच, ती शेवटच्या भाताबरोबर घ्या, वाइनचा ग्लास संपल्यावर.

इथवरचं कुणीही सांगेल. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, कारण हॉटेलात वाइन बिघडते ती बहुतेक वेळा निवडीमुळे नाही, सांभाळण्यामुळे. नाशिकहून निघालेली चांगली वाइन तुमच्या टेबलापर्यंत चांगली पोचते का, हा खरा प्रश्न.

द्राक्षबागेचं वर्ष डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे वेल हिवाळ्यात युरोपातल्यासारखी झोपत नाही. म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं : एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, आणि पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक घ्यायचं ते दुसऱ्या छाटणीनंतरचं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे थंडीच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि द्राक्षातला आंबटपणा टिकतो. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे बाटलीवर जे साल असतं त्या सालच्या सुरुवातीलाच द्राक्षं तोडलेली असतात, आणि त्याच पावसाळ्यात ताजी पांढरी वाइन बाजारात येऊ शकते. आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या आणि रोझे (गुलाबी) वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेल्या असतात. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे डोक्यातून काढून टाका. चार वर्षांपूर्वीची शेनिन यादीत दिसली तर ती हॉटेलवाल्याच्या कपाटात पडून राहिलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. चांगल्या रिझर्व्ह (जास्त मुरवलेल्या) रेडला तीन ते पाच वर्षं चालतील, तेही गारव्यात ठेवली असेल तर.

आणि गारव्यातच तर घोडं पेंड खातं. मे महिन्यात ट्रकमधून आलेली पेटी, मग गोदाम, मग दुकान. तुमच्या नाक्यावरचं वाइन शॉप आठवा. व्हिस्की-बिअर हाताशी, आणि खरी वाइन सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभी, धूळ खात. वाइनला उजेड आणि उष्मा सोसत नाही, आणि दोन्ही तिथे फुकट मिळतात. अशा बाटलीचं कॉर्क असेल तर ते किंचित वर सरकलेलं दिसतं, मानेवर चिकट ओघळ असतो. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांना स्क्रू कॅप असते. ती सोयीची आणि चांगलीच आहे, कॅप बघून वाइन हलकी समजू नका. पण तिच्यावर बाहेरून काही कळत नाही, ग्लासात ओतल्यावरच कळतं. पांढरी वाइन फिक्या पिवळ्याऐवजी तपकिरी सोनेरी दिसली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला तर ती गेली. लाल वाइनला ताज्या फळाऐवजी आटवलेल्या जॅमचा वास येतो.

म्हणून वेटर तुमच्या ग्लासात आधी घोटभर ओततो तेव्हा त्याचा उपयोग करा. बरेच जण त्या वेळी संकोचून घाईघाईने मान डोलावतात. तो घोट आवडनिवड ठरवण्यासाठी नसतो, वाइन बिघडलेली नाही ना आणि पुरेशी गार आहे ना, एवढंच बघण्यासाठी असतो. रंग बघा, वास घ्या, चाखा. गार नसेल तर सरळ सांगा, ‘जरा गार करून आणता का, आम्ही थांबतो.’ बिघडलेली वाटली तर कॅप्टनला बोलावून त्यालाच वास घ्यायला सांगा. आवाज चढवायची गरज नसते. बरं हॉटेल बाटली बदलून देतं. नाही दिलं तर पुढच्या वेळी तिथे जेवायला जा, वाइन प्यायला जाऊ नका.

गारव्याची मापं सोपी आहेत. फेसाळणारी ६ ते ८ अंश, पांढरी आणि रोझे ८ ते १०, लाल १६ ते १८. ‘रेड रूम टेंपरेचरला द्यावी’ हे वाक्य थंड देशातल्या दगडी घरांमधून आलंय. मुंबईची खोली ३२ अंशांची. तिथे लाल वाइनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून आणा म्हणावं. वेटरने भुवया उंचावल्या तरी चालेल. आणि बर्फाची बादली आली की तिच्यात डोकावून बघा. नव्वद टक्के वेळा नुसते बर्फाचे खडे असतात, बाटली त्यांच्यावर आरामात तरंगल्यासारखी उभी, अर्धं अंग बाहेर. खड्यांच्या मधे हवा असते, ती काही गार करत नाही. बादली अर्धी पाण्याने भरायला सांगा, त्यात मूठभर मीठ टाकलं तर उत्तमच. पंधरा-वीस मिनिटांत कोमट बाटली हवी तशी गार होते. (उन्हाळ्यात पांढऱ्या वाइनमध्ये बर्फाचा खडा टाकावा का? मी स्वतः टाकत नाही, पण कोमट वाइन आणि खडा यांतून निवडायची वेळ आली तर खडा टाकेन.)

ग्लासवर मिळणाऱ्या वाइनबद्दल जपून. एका बाटलीत ७५० मिली, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. हॉटेलं ग्लासचा भाव असा लावतात की पहिल्या एकदोन ग्लासांतच बाटलीची खरेदी वसूल व्हावी. त्यात गैर काही नाही, उरलेली बाटली फुकट जाण्याचा धोका त्यांचा असतो. फक्त ती जुनी झालेली वाइन तुमच्या माथी यायला नको. ‘बाटली कधी उघडलीय?’ असं विचारा आणि बाटली टेबलावर आणून ओतायला सांगा. फ्रिजमध्ये ठेवलेली पांढरी किंवा लाल दोनतीन दिवस तग धरते, फेसाळणारी दुसऱ्या दिवशी मरगळते. दोघंच असाल आणि दोघांनाही दोन-दोन ग्लास घ्यायचे असतील तर बाटलीच परवडते. उरलेली घरी न्यायची का, कशी न्यायची, हे त्या हॉटेललाच विचारा.

यादीवरचा भाव दुकानाच्या दुप्पट-तिप्पट असणं नेहमीचंच आहे. त्यामुळे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग दोन्ही टाळून मधली घ्या, असं म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. देशी वाइनमध्ये पांढऱ्यांच्या स्वस्त ओळीतही चांगलं सापडतं, कारण तिच्यात ताजेपणा हाच गुण आणि तो किमतीवर ठरत नाही. लाल वाइनला मात्र तळाच्या भावात हात लावू नका. तिथे थोडी पदरमोड करून रिझर्व्ह घ्यावी, नाहीतर रेड घेऊच नये. गोव्याला गेलात की स्वस्तात मिळणारी ‘पोर्ट’ ही वेगळी गोष्ट : गोड, लाल, दमदार, पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या पोर्टशी नावापुरतं नातं. बेबिंकाबरोबर घोटभर घ्यायला मला ती आवडते, पण तिच्यावरून देशी वाइनची परीक्षा करू नका.

यावरून तुमच्या मित्रांचं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइनवरच्या करात सवलती मिळाल्या, आणि बागाईतदारांनी धडाधड वायनरी काढल्या. त्यातल्या काहींना खाण्याच्या थॉमसन द्राक्षाची सवय होती, वाइनच्या द्राक्षाची नाही. खाण्याचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं, आणि जास्तीत जास्त उतारा घेण्यासाठी वाढवलेलं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं, आणि वेलीवर घड मोजकेच राखावे लागतात. २००८ नंतरच्या मंदीत त्यातल्या बऱ्याच वायनरी बंद पडल्या, पण त्या काळात ज्यांनी पहिला घोट घेतला त्यांची चव कायमची बिघडली. तुमचे मित्र त्यातले असतील. आजची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या, भारदस्त लाल वाइनमध्ये आपण अजून कमी पडतो असं माझं स्पष्ट मत आहे, कच्चेपणा आणि भाजकेपणा एकाच घोटात येतो तिथे. पण पांढऱ्या, रोझे आणि फेसाळणाऱ्या वाइनमध्ये त्याच पैशात परदेशी बाटली आपल्याला मागे टाकत नाही. त्याचं कारण कराचं आहे. आयात वाइनवर बरीच वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. २०२२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाल्यावर तिथल्या काही वाइनवरचं कमी झालं. त्यावर राज्याचे कर, मग हॉटेलचा नफा. हॉटेलात देशी बाटलीच्या भावात जी परदेशी बाटली मिळते, ती तिच्या गावी किराणा दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असते. दोन्ही शेजारी ठेवून, लेबलं झाकून, मित्रांना चाखायला द्या. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

वायनरी पुन्हा बघायची असेल तर शनिवार-रविवार सोडून जा. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. इगतपुरीच्या अंगाला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झंपा. जानेवारी-मार्चमध्ये तोडणी चालू असताना गेलात तर आंबवणीच्या टाक्यांचा वास येतो, तो एकदा घेण्यासारखा आहे. टेस्टिंगला पांढरीपासून सुरुवात करून लालकडे आणि शेवटी गोड लेट हार्वेस्टकडे (उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या वाइनकडे) जा. प्रत्येक नमुना गिळलाच पाहिजे असं नाही, थुंकायला भांडं मागा, कुणी हसत नाही. ज्या वाइनने लक्ष वेधून घेतलं तिच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून त्याखाली एक ओळ लिहा, कशाबरोबर चांगली लागेल एवढीच. सुगंधांच्या लांबलचक याद्या लिहू नका, पुन्हा वाचल्या जात नाहीत. आणि तिथून घेतलेली पेटी डिकीत टाकून वाटेत घाटनदेवीला आणि मग शहापूरला जेवायला थांबलात तर ठाण्याला पोचेपर्यंत तिचा काढा झालेला असतो. पेटी आत, पायाशी, एसीच्या झोताखाली.

आता मेमधलं जेवण. चौघं पिणारे, बसणार तीनेक तास. दोन बाटल्या पुरतात, बाबा सोडून तिघांना माणशी तीनेक ग्लास. तिसरी एक गारेगार करून ठेवायला सांगा आणि गरज पडली तरच उघडा. पहिली ब्रूट. आल्या आल्या, बोंबील फ्राय आणि कोळंबीबरोबर. लग्नाचा वाढदिवस आहे, तेव्हा टाळ्याही वाजतील आणि ती योग्य पदार्थाबरोबरही जाईल. न पिणाऱ्या चौघांना त्याच उंच ग्लासांतून कोकम सरबत सोडा घालून द्या, फोटोत कुणी वेगळं दिसत नाही. दुसरी शेनिन, ती तिसऱ्या मसाला, सुरमईची कढी आणि कोंबडी-वड्यांसाठी. कोंबडीचा रस्सा तिथे किती तिखट करतात ते आधी विचारा. फारच असेल तर वडे आधी, रस्सा वाइन संपल्यावर. तिसरी ठेवायची ती झिनफँडेलची रोझे असू द्या, आईंना ती आवडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शेवटी खापरोळ्या असतील तर लेट हार्वेस्ट शेनिनची ३७५ मिलीची छोटी बाटली मागवून सगळ्यांत मिळून दोन-दोन घोट घ्या. नियम एकच, गोडाच्या पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड हवी, म्हणून नारळाच्या रसात गूळ जपून घातला असेल तरच.

बाबांना व्हिस्कीच घेऊ द्या. या वयात कुणाला आपल्या आवडीत ओढू नये, आणि त्यांच्याच समारंभात तर नकोच. फक्त ब्रूट आधी, व्हिस्की नंतर, असा क्रम ठेवा. व्हिस्कीने जीभ बधिर झाली की वाइन पाण्यासारखी लागते, आणि मग ते म्हणणार, ‘मी म्हणत नव्हतो?’

आठवडाभर आधी हॉटेलला फोन करून चार गोष्टी विचारा. मालवणी हॉटेलांपैकी सगळ्यांकडे मद्याचा परवाना नसतो, तो आहे का. यादीत या वाइन आहेत का आणि पांढऱ्या कोणत्या सालच्या. त्या फ्रिजमध्ये असतात का. नसतील आणि स्वतःची बाटली नेऊ देत असतील तर कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचे पैसे, किती. तारीख ड्राय डेची नाही ना, हेही बघून घ्या, निवडणुकीचं वर्ष असेल तर जास्तच. पोरांपैकी कुणी घेणार असेल तर महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. बिल आलं की वाइनवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी असे कर वेगळे दिसतील, ते बरोबर आहे. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो. सेवा आवडली तर द्या, नाहीतर काढायला सांगा. आणि गाड्या घरी ठेवून रिक्षा-टॅक्सीनेच या. एवढं प्यायल्यावर चौघांपैकी कुणीच गाडी चालवायची नाही, बाबांनी तर नाहीच.